रोज १५ मिनिटं आणि एक वही: अभ्यासात मागे पडलेलं मूल पुढे कसं येतं?

मे महिन्यातलं गणपतीपुळे डोळ्यांसमोर आणा. देवळाकडे जाणारा रस्ता पर्यटकांनी भरलेला आहे. दोन्ही बाजूंना शहाळी, कोकम सरबत आणि आंबापोळीची दुकानं आहेत. शाळेला सुट्टी असल्यामुळे घरातली मुलंही दुकानात हात लावतायत.

समजा, अशाच एका दुकानात चौथीतून पाचवीत गेलेला एक मुलगा उभा आहे. गिऱ्हाईक ३० रुपयांची तीन सरबतं आणि ६० रुपयांच्या दोन आंबापोळ्या घेतं आणि ५०० ची नोट पुढे करतं. मुलगा क्षणभर थांबतो आणि २९० रुपये परत देतो. हिशोब अगदी बरोबर.

जूनमध्ये शाळा सुरू होते. तोच मुलगा वहीत ५०० वजा २१० हे गणित उभ्या मांडणीत करतो आणि उत्तर लिहितो ३१०. शून्यातून एक जात नाही, म्हणून त्याने एकातून शून्य वजा केलं आणि तो पुढे गेला. भाषेच्या पुस्तकातला धडा वाचताना तो प्रत्येक जोडाक्षराशी अडखळतो. ओळ संपेपर्यंत ओळीची सुरुवात विसरलेली असते. वर्गात त्याच्यावर 'कच्चा' असा शिक्का बसतो.

हा मुलगा काल्पनिक आहे. पण अशी मुलं तुमच्या घरात, शेजारी किंवा वर्गात असू शकतात. त्यांच्यासाठी काय करता येईल? महागडी शिकवणी? रविवारी तीन तास बसवणं? की दुसरं काही? हेच आज समजून घेऊया.

प्रश्न किती मोठा आहे?

'प्रथम' ही संस्था १९९५ मध्ये मुंबईच्या वस्त्यांमध्ये काम करत उभी राहिली. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे तिचे संस्थापक. २००५ पासून 'प्रथम'च्या पुढाकाराने ग्रामीण भारतात 'असर' नावाचं सर्वेक्षण होतं. त्यात स्वयंसेवक घरोघरी जातात, मुलांसमोर एक कागद ठेवतात आणि 'वाच बघू' म्हणतात. कागदावर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते.

'असर २०२४' नुसार ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमध्ये तिसरीत शिकणाऱ्या २३.४ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. पाचवीतल्या मुलांमध्ये हे प्रमाण ४४.८ टक्के होतं. म्हणजे पाचवीतल्या निम्म्याहून जास्त मुलांना तीन इयत्ता खालचा मजकूर नीट वाचता येत नव्हता.

यात एक चांगली बातमीही आहे. कोरोनानंतरच्या २०२२ च्या पाहणीत तिसरीचा हाच आकडा १६.३ टक्के होता. म्हणजे दोन वर्षांत सुधारणा झाली आणि प्रयत्न केले तर चित्र बदलतं, हे दिसलं.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आता आणखी एक धार आली आहे. राज्यात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू झाली. नापास झालेल्या मुलाला पुनर्परीक्षा देता येते, पण तीही गेली तर त्याला त्याच वर्गात बसावं लागतं. त्यामुळे तिसरी-चौथीत 'होईल हळूहळू' म्हणून सोडून देणं मुलाला महागात पडू शकतं.

मूल मागे का पडतं?

पहिलं आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे पुस्तक पुढे जातं आणि मूल मागे राहतं. चौथीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक मुलाला वाचता येतं असं गृहीत धरूनच लिहिलेलं असतं. ज्याला वाचता येत नाही, तो भाषेसोबत बाकीच्या विषयांतही मागे पडतो.

दुसरं कारण खंड. कोकणात शाळेचं वर्ष सणांनी आणि पावसाने कापलेलं असतं. जुलैमध्ये अतिवृष्टीच्या सुट्ट्या, मग गणपती, मग दिवाळी, मग शिमगा. पर्यटनावर चालणाऱ्या गावात सुट्टी म्हणजे धंद्याचा हंगाम. घरातली मोठी माणसं खोल्या, स्वयंपाक आणि गिऱ्हाइकं यांत अडकलेली. ज्याला पक्कं येतं त्याला दहा दिवसांच्या खंडाने फरक पडत नाही. ज्याला अर्धवट येतं, तो मात्र पुन्हा मागच्या पायरीवर जातो.

तिसरं कारण शाळेची रचना. रत्नागिरी जिल्ह्यात कमी पटाच्या अनेक शाळा आहेत. तिथे एकेका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतात. एका इयत्तेला शिकवताना दुसरीला काहीतरी लिहायला द्यावं लागतं. पट कमी असला म्हणजे प्रत्येक मुलाला भरपूर वेळ मिळतो, असं होत नाही.

चौथं कारण भाषा. पुस्तकातली मराठी आणि घरात बोलली जाणारी संगमेश्वरी किंवा इतर बोली यांत अंतर असतं. आंब्याच्या बागांमध्ये राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबांच्या किंवा बांधकामावर आलेल्या मजुरांच्या मुलांसाठी तर मराठी ही वेगळीच भाषा असते.

आणि पाचवं कारण मराठीतच दडलेलं आहे. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य ही अक्षरं नवख्या डोळ्यांना सारखीच दिसतात. बाराखडीनंतर जोडाक्षरांचा डोंगर येतो. गणितात 'पंचवीस' म्हणताना आधी पाच ऐकू येतं, मग वीस. लिहिताना मात्र आधी २ लिहायचे असतात. 'एकोणसत्तर' ऐकून मूल ७ लिहायला घेतं. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'सोबत 'वीस सात' अशी संख्यावाचनाची पद्धत दिली, तेव्हा राज्यभर वाद झाला होता. गणित विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांचं म्हणणं हेच होतं की, मराठी संख्यानावांमुळे मुलांना अडचण येते. ती पद्धत कुणाला पटो न पटो, अडचण खरी आहे.

रविवारी तीन तास का नको?

रोज १५ मिनिटं, आठवड्याचे सहा दिवस म्हणजे ९० मिनिटं. मग रविवारी एकदम दीड-दोन तास बसवलं तर काय बिघडलं?

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की, नवीन पाठ केलेलं सुरुवातीला फार झपाट्याने विसरतं. पुन्हा उजळणी केली की विसरण्याचा वेग कमी होतो. शिवाय तोच सराव एकाच दिवशी उरकण्यापेक्षा वेगवेगळ्या दिवशी विभागला तर जास्त टिकतो. मानसशास्त्रात पुन्हा पुन्हा तपासला गेलेला हा निष्कर्ष आहे.

दुसरा मुद्दा आठवण्याचा. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या अमेरिकी संशोधकांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे होते. म्हणजे 'दहा वेळा वाच' यापेक्षा 'पुस्तक मिट आणि सांग' हे जास्त कामाचं आहे.

तिसरा मुद्दा मनाचा. जे जमत नाही ते तीन तास करायला लावणं ही मुलासाठी शिक्षाच असते. १५ मिनिटं मात्र कुणीही सहन करू शकतं. त्यात मूल काहीतरी बरोबर करून उठलं, तर उद्या पुन्हा बसायला तयार होतं.

मुंबईच्या बालसखी आणि नोबेल

या सगळ्याचा मोठा पुरावा महाराष्ट्रातच मिळाला. 'प्रथम'ने मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांमध्ये 'बालसखी' नावाचा कार्यक्रम राबवला. वस्तीतली, शालेय शिक्षण पूर्ण केलेली तरुणी तिसरी-चौथीतली मागे पडलेली १५ ते २० मुलं वेगळी बसवायची. शाळेच्या वेळेतच दिवसाचे साधारण दोन तास ती त्यांना पुस्तकातला पुढचा धडा न शिकवता, जे यायला हवं होतं पण आलं नव्हतं ते शिकवायची.

अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही शाळांत हा कार्यक्रम ठेवून आणि काहींत न ठेवून त्याची तुलना केली. त्यांचा शोधनिबंध २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. कार्यक्रम असलेल्या शाळांमधल्या मुलांचे गुण वाढले आणि सर्वात जास्त फायदा सर्वात मागे असलेल्या मुलांना झाला. बॅनर्जी, डफ्लो आणि मायकल क्रेमर यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामागे याच पद्धतीच्या प्रयोगांची मालिका होती.

एक गोष्ट मात्र लपवायला नको. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने पाहिलं तेव्हा मुलांना झालेला फायदा बराच कमी झाला होता. पूर्ण गेला नव्हता, पण घटला होता. म्हणजे सराव हा एकदाच घेऊन संपवायचा डोस नाही. तो सुरू ठेवावा लागतो.

बालसखी दोन तास शिकवायची, आपण १५ मिनिटांबद्दल बोलतोय. मग हे लागू कसं होतं? १५ या आकड्यात काही जादू नाही. घरात रोज जमेल असा तो वेळ आहे. बालसखीकडून घ्यायच्या गोष्टी दोनच: मुलाच्या इयत्तेपासून नाही तर पातळीपासून सुरुवात करणं, आणि ते नियमित करणं. तिसरी गोष्ट म्हणजे मूल कुठे पोहोचलं ते मोजत राहणं, त्याकडे आता येऊ.

महाराष्ट्रात अशा कामाची इतर उदाहरणंही आहेत. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचायला शिकवण्याची पद्धत प्रत्यक्ष मुलांसोबत काम करत घडवली. जन्माने अमेरिकी असलेल्या या भाषातज्ज्ञ फलटणमध्ये स्थायिक झाल्या आणि तिथे त्यांनी प्रगत शिक्षण संस्था उभी केली. पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातल्या सोनाळे इथून काम करणारी 'क्वेस्ट' ही संस्था 'अनुपद' या कार्यक्रमातून मागे राहिलेल्या मुलांना पायाभूत भाषा आणि गणित शिकवते.

पायरी पहिली: मूल नेमकं कुठे आहे?

सुरुवातीला एकच दिवस द्या. परीक्षा घेतोय असं वातावरण नको. 'असर'च्या कागदासारख्या या पायऱ्या आहेत.

वाचनासाठी:
१. सुटी अक्षरं ओळखतो का?
२. काना, मात्रा, वेलांटी असलेले साधे शब्द वाचतो का? (पाणी, होडी, दुकान)
३. सोप्या चार ओळी सलग वाचतो का?
४. जोडाक्षरं असलेली छोटी गोष्ट वाचतो का?
५. वाचलेलं स्वतःच्या शब्दांत सांगतो का?

गणितासाठी:
१. १ ते ९ अंक ओळखतो का?
२. १० ते ९९ संख्या ऐकून लिहितो का?
३. हातच्याची बेरीज-वजाबाकी करतो का?
४. पाढ्यांचा वापर करून गुणाकार करतो का?
५. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागतो का?

जिथे मूल पहिल्यांदा अडतं, सराव तिथून सुरू करायचा. मूल पाचवीत असलं आणि अडत असलं काना-मात्रेवर, तर सुरुवात काना-मात्रेपासूनच. याची लाज मुलाला वाटू न देणं हे मोठ्यांचं काम.

पायरी दुसरी: १५ मिनिटांत काय करायचं?

वाचनाचा एक साधा क्रम असा:

पहिली ३ मिनिटं कालचं. कालच्या शब्दांपैकी आठ-दहा शब्द न बघता लिहायचे किंवा बघून वाचायचे.

पुढची ५ मिनिटं नवीन, पण एकच गोष्ट. आज फक्त 'र'ची जोडाक्षरं, तर तेवढंच: सूर्य, प्रकाश, ट्रक, पर्यटक.

पुढची ५ मिनिटं छोटा उतारा. आधी तुम्ही वाचा, मग दोघं मिळून, मग मूल एकटं. तोच उतारा तीन-चार दिवस. 'पाठ होईल की' अशी भीती नको. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जे सॅम्युअल्स यांनी १९७९ मध्ये मांडलेली पुनर्वाचनाची पद्धत हीच आहे: एकच उतारा पुन्हा पुन्हा वाचला की अडखळणं कमी होतं आणि मुलाचं लक्ष अर्थाकडे जायला मोकळं होतं. फक्त मूल कागदाकडे बघून वाचतंय ना, यासाठी त्याला ओळीखालून बोट फिरवू द्या.

शेवटची २ मिनिटं 'काय वाचलंस ते सांग' आणि वहीत नोंद.

पुस्तकाचा कंटाळा आला तर गाव आहेच. एसटीची पाटी, खानावळीचा फलक, मालगुंडच्या केशवसुत स्मारकाची पाटी, बिस्किटाचा पुडा, आरतीचं पुस्तक. आरती मुलांना पाठ असते, त्यामुळे ऐकलेला शब्द कागदावर कसा दिसतो हे जुळवायला ती फार उपयोगी पडते.

गणितात सुरुवातीच्या मुलाकडे पुन्हा जाऊ. त्याला वजाबाकी येत नाही असं नाही, ती त्याला कागदावर येत नाही. ब्राझीलच्या रस्त्यांवर वस्तू विकणाऱ्या मुलांबाबत १९८५ मध्ये असंच दिसलं होतं. अलीकडे, २०२५ मध्ये, बॅनर्जी आणि डफ्लो यांच्या गटाचा भारतातल्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवरचा अभ्यास 'नेचर'मध्ये आला. बाजारातले अवघड हिशोब तोंडी करणारी ही मुलं शाळेतल्या साध्या गणितांत अडखळत होती. उलट, शाळेतली गणितं सोडवणाऱ्या आणि बाजारात काम न करणाऱ्या मुलांना बाजारातले हिशोब सहज जमत नव्हते.

म्हणून अशा मुलाला नोटा घेऊनच शिकवा. ५०० ची नोट ठेवा आणि म्हणा, '२१० द्यायचेत.' तो म्हणेल, 'सुट्टे करायला लागतील.' तेच तर हवंय. ५०० चे शंभरच्या पाच नोटा करा. त्यातली एक नोट मोडून दहाच्या दहा नोटा करा. आता वहीत लिहा: ४ शतकं, १० दशकं, ० एकक. दोन शतकं आणि एक दशक दिलं की उरलं २९०. वहीतला 'हातचा' म्हणजे नोट मोडणं, हे कळलं की पुढचा रस्ता सोपा होतो.

पायरी तिसरी: वहीत काय लिहायचं?

नोंद ठेवायची कारण आपली आठवण फसवी असते. एक वाईट दिवस गेला की 'याला काहीच येत नाही' वाटतं, एक चांगला दिवस गेला की 'आता जमलं' वाटतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातले स्टॅन्ली डेनो यांनी १९७० च्या दशकापासून विशेष शिक्षणात एक मिनिटाच्या छोट्या चाचण्यांची पद्धत रुजवली. मूल एका मिनिटात किती शब्द बरोबर वाचतं ते ठरावीक दिवसांनी मोजायचं आणि त्यावरून शिकवणं बदलायचं.

घरासाठी चार रकाने पुरे: तारीख, काय केलं, किती जमलं, कुठे अडलं.

नमुना म्हणून आपल्या काल्पनिक मुलाची वही बघा. सराव रोजचा, पण मिनिट लावून मोजणी आठवड्यातून एकदाच, शनिवारी, तेवढ्याच अवघड पण नव्या उताऱ्यावर.

पहिला शनिवार: १८ शब्द बरोबर. 'र'च्या जोडाक्षरांवर अडला.
दुसरा शनिवार: २१ शब्द. 'र' बरा. 'ष्ट', 'क्ष' अडले.
तिसरा शनिवार: २५ शब्द. ओळीचा शेवट अंदाजाने म्हणाला.
चौथा शनिवार: २६ शब्द. गोष्ट स्वतः सांगितली.
गणपतीच्या सुट्टीनंतर: २२ शब्द.
त्यानंतरचा शनिवार: २७ शब्द.

या वहीतून तीन गोष्टी कळतात. एक, मूल पुढे चाललंय, जरी रोज बघणाऱ्याला ते दिसत नसलं तरी. दोन, नेमकं काय अडतं ते कळतं, म्हणजे उद्या काय घ्यायचं ते ठरतं. तीन, सुट्टीनंतर आकडा खाली आला, पण आठवड्यात भरून निघाला. वही नसती तर त्या २२ ला 'सगळं विसरला' म्हणून मुलाला ओरडा बसला असता.

तुलनेसाठी एक आकडा लक्षात ठेवा. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या 'निपुण भारत' अभियानात दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या शेवटी किमान ६० शब्द समजून वाचणं हे लक्ष्य आहे. हा आकडा दिशा दाखवण्यासाठी आहे. १८ वर असलेल्या मुलाला रोज ६० ची आठवण करून देण्यासाठी नाही.

आकडा हलतच नसेल तर?

तीन-चार आठवडे नियमित सराव करूनही आकडा तिथेच असेल, तर पहिला प्रश्न मुलाला नाही, स्वतःला विचारा. सराव फार अवघड आहे का? मूल दहापैकी दोनच बरोबर करत असेल तर एक पायरी खाली या. फार सोपा आहे का? दहापैकी दहा रोज येत असतील तर वर जा. दहापैकी सात-आठ बरोबर येतील असा सराव बहुतेक वेळा ठीक बसतो. एकाच बैठकीत चार गोष्टी शिकवतोय का? खरंच रोज होतंय की आठवड्यातून दोनदाच? तारखेचा रकाना ते न चिडता सांगतो.

हे सगळं बघूनही फरक नसेल तर डोळे आणि कान तपासून घ्या. फळा न दिसणाऱ्या मुलाला अनेकदा आळशी ठरवलं जातं. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून शाळांमध्ये आरोग्य तपासणी होते, तेव्हा ही शंका आवर्जून सांगा.

त्यानंतरही बोलण्यात, समजण्यात हुशार असलेलं मूल वाचन, लेखन किंवा गणितात सातत्याने अडत असेल तर अध्ययन अक्षमतेची शक्यता तज्ज्ञांकडून तपासून घ्यायला हवी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये तिचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती मिळतात. घरच्या वहीवरून असं निदान करता येत नाही आणि करूही नका. पण 'आठ आठवडे रोज हे केलं, इथे अडतं' असं दाखवणारी वही तज्ज्ञांना उपयोगी पडते.

वहीचं हत्यार करू नका

नोंद ठेवण्याचे तोटेही आहेत आणि ते खरे आहेत.

वर्गाच्या भिंतीवर मुलांची नावं आणि त्यांची पातळी लावली की सर्वात खालच्या मुलाला रोज अपमान वाचावा लागतो. वाचायला येत नसलं तरी स्वतःचं नाव त्याला ओळखता येतंच. घरात भावंडांची वही शेजारी ठेवून तुलना केली की तेच होतं. मुलाची तुलना त्याच्याच मागच्या महिन्याशी करायची, दुसऱ्या कुणाशीही नाही.

दुसरा धोका वेगाचा. फक्त शब्द मोजले तर मूल भरभर वाचायला शिकतं, समजून घ्यायला नाही. म्हणून प्रत्येक मोजणीनंतर 'काय झालं गोष्टीत?' हा प्रश्न हवाच. उत्तर आलं नाही तर वाढलेल्या आकड्याला फारसा अर्थ नाही.

तिसरा धोका कागदपत्रांचा. शिक्षकांना आधीच ऑनलाइन माहिती भरण्याचं ओझं आहे. वरून मागितलेली माहिती म्हणून नोंद भरली जाते, तेव्हा ती चांगली दिसेल अशी भरण्याचा मोह होतो. जी नोंद बघून उद्याचा सराव बदलत नाही, ती ठेवून उपयोग नाही.

शाळेने काय करायचं?

घरच्या १५ मिनिटांमुळे शाळेची जबाबदारी संपत नाही. शालेय शिक्षण विभागाने मार्च २०२५ मध्ये दुसरी ते पाचवीच्या मुलांसाठी 'निपुण महाराष्ट्र कृती कार्यक्रम' जाहीर केला. मुलांना वाचन आणि गणितातल्या पायाभूत क्षमता मिळवून देणं हा त्याचा हेतू. तुमच्या मुलाच्या शाळेत तो कसा चाललाय, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारण्याचा पालकांना पूर्ण हक्क आहे. प्रश्न साधा ठेवा: 'माझं मूल आता कोणत्या पातळीवर आहे आणि पुढच्या महिन्यात त्याच्यासाठी काय करणार आहात?'

कमी पटाच्या, बहुवर्ग शाळेत एक सोयही असते. तिथे सगळ्या इयत्ता एकाच खोलीत बसतात. त्यामुळे रोजचा अर्धा तास इयत्ता बाजूला ठेवून पातळीनुसार गट करणं तिथे तुलनेने सोपं जातं. तिसरीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा एकाच गटात बसले तरी कुणाला वेगळं वाटत नाही.

आई-वडिलांनाच वाचता येत नसेल तर?

तरीही जमतं. आजीने समोर बसून 'वाच बाळा, मी ऐकते' म्हणणं हाही सरावच आहे. आजी चूक पकडू शकणार नाही, पण मूल थांबलं कुठे, अडखळलं किती वेळा हे तिला कळतं. अडलं की वहीत एक काडी मारायची. आज बारा काड्या, पुढच्या आठवड्यात नऊ. ही नोंद पूर्णपणे चालते. काड्यांजवळचे शब्द मुलाने दुसऱ्या दिवशी बाईंना किंवा गुरुजींना विचारायचे. मोठी भावंडं, शेजारची कॉलेजमधली ताई यांनाही १५ मिनिटं जड नाहीत. बालसखीही वस्तीतलीच तरुणी होती, हे विसरू नका.

हंगामात घरात कुणालाच वेळ नसतो, हेही खरं. तेव्हा १५ ची ७ मिनिटं करा, पण शून्य करू नका. गणपतीच्या दिवसांत पाहुणे असतात, भजन असतं, मोदकांची घाई असते. त्यातही आरतीआधी एक पान वाचणं आणि वहीत तारीख टाकणं जमू शकतं.

सुरुवात करायची तर आज एवढंच करा. एक चाळीस पानी वही घ्या. वर मुलाचं नाव लिहा, खाली चार रकाने आखा. मुलाला एक मिनिट वाचू द्या आणि जो आकडा येईल तो कुठलीही प्रतिक्रिया न देता लिहा. तो आकडा कितीही लहान असला तरी तो मुलाचा गुण नाही. उद्या कुठून सुरू करायचं, एवढंच तो सांगतो.